हजेरीतला थांबा

या, असे पुढं सरकून बसा. मांडव मोठा आहे आणि माझा आवाज आता लहान झालाय. मागं खांबाला टेकून बसलात तर शब्द पोचतील, गोष्ट पोचणार नाही. टाळ नाही, मृदंग नाही, आणि मी कुणी बुवाही नाही. जन्मभर मांडवात खाली बसून ऐकणारा माणूस मी. पण एक आख्यान माझ्याजवळ आहे. देवादिकांचं नाही, आमच्या कॉलेजातल्या हजेरीचं आहे. ते ऐकवतो आणि शेवटी एक मागणं मागतो. जड नाही, घाबरू नका.

मी दिगंबर उमरीकर. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मागोवा अधिकारी होतो. हुद्दा भारदस्त, काम साधं. कॉलेजात नाव घातलेलं प्रत्येक पोर पदवी घेऊन बाहेर पडतं की नाही, ते बघायचं आणि राज्याला कळवायचं.

हे पद २०३२ साली निघालं. तोवर काय चाललं होतं? नावं घालणारी पोरं दरसाल वाढत होती. शंभरातली अठ्ठावन्न कॉलेजच्या पायरीपर्यंत यायची. पदवीपर्यंत जेमतेम सत्तावीस. मधली एकतीस कुठं गेली, हे कुणी विचारत नव्हतं. जूनमध्ये कॉलेज नावं मोजायचं आणि मे महिन्यात निकाल. जून आणि मे यांच्यामधे जे सांडायचं ते कुणाच्याच वहीत नव्हतं. मग राज्यानं पुण्याला एक मागोवा मंडळ बसवलं, आणि प्रत्येक कॉलेजच्या ऑफिससमोर भिंतीवर एक पडदा लावला. त्यावर राज्याचा नकाशा. ज्या जिल्ह्यात पोरं पूर्ण करतात तो हिरवा, गळतात तो लाल. आमची परभणी इतकी लाल होती की शिपाई म्हणायचा, सर, आपल्या जिल्ह्याला गोवर झालाय.

आणि मग आला कान.

इथं थोडं शास्त्र सांगतो. कीर्तनातला पूर्वरंग समजा. तो नीट ऐकला की पुढचं आख्यान आपोआप लागतं.

दोन माणसं बोलत असतात तेव्हा एकाचं संपल्यावर दुसरा किती वेळानं सुरू होतो? साधारण दोन दशांश सेकंदांनी. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. पण एखादा शब्द मनात जुळवून जिभेवर आणायला मेंदूला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. मग हे जमतं कसं? जमतं असं, की समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं मन ओळखतं की हे आता कुठं संपणार, आणि तयारीला लागतं. त्यासाठी मन त्या जागी हजर लागतं. मन तिथून उठलं, की हा अंदाज बांधणं बंद होतं आणि उत्तर मागं पडायला लागतं. माणसाच्या कानाला हा फरक कळत नाही. यंत्राला कळतो.

अभ्यासकांनी वर्गातली हजेरी मोजली. नाव पुकारून संपल्यापासून ‘हजर’ येईपर्यंतचा वेळ. सहा आठवड्यांची सरासरी चार दशांशांच्या वर गेली, तर शंभरातली त्र्याऐंशी पोरं वर्षाच्या आत कॉलेज सोडतात, असं निघालं. पोराच्या स्वतःच्या ध्यानात यायच्या आधी ते यंत्राला कळायचं. मग प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर बशीएवढी एक पितळी चकती लागली. मंडळानं तिला ‘प्रतिसाद-मापक’ असं नाव दिलं. पोरं म्हणायची कान. आम्हीही कानच म्हणायला लागलो.

पहिली काही वर्षं या कानानं पुण्य केलं, हे मी शपथेवर सांगेन. सरासरी चारच्या वर गेली की यादीत त्या पोराचं नाव लाल यायचं. पोर लाल झालं की मी घरी जायचो. एका मुलीची सकाळची बस बंद झाली होती, ती सुरू करून घेतली. एका मुलाला फळाच दिसत नव्हता, त्याला चष्मा लागला आणि तो पुढं कृषी अधिकारी झाला. नकाशावर परभणी लालाची पिवळी झाली. मी देवापुढं साखर ठेवली.

पुढं बिघडलं ते वाईट माणसामुळं नाही, एका सोयीमुळं. नियम असा होता, की एक वर्ष करून थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. यातलं काहीही हातात पडलं की नकाशात ते पोर ‘पूर्ण’. अर्ध्या वर्षात पळालं तर ‘गळती’. आता लाल पोर जाणारच आहे, असं यंत्र सांगतंय. मग त्याला वर्षाच्या शेवटी कॉलेजनंच प्रमाणपत्र नाहीतर पदविका हातात देऊन निरोप दिला तर? पोराला कागद मिळतो आणि कॉलेजला ‘पूर्ण’ मिळतं. त्याला ‘सन्मान-निरोप’ म्हणायचे. सगळीकडं सुरू झालं. आमच्याकडं पहिला सन्मान-निरोप २०४१ साली हणमंत डुकरे नावाच्या मुलाला दिला, माझ्याच सहीनं. त्याचं पुढं येईल.

आता आख्यान.

२०४३ चा फेब्रुवारी. सकाळी यादी उघडली. विज्ञान, दुसरं वर्ष, शिवकन्या नारायण गिराम, लाल. सरासरी सात दशांश.

मला वाटलं, यंत्राचं काहीतरी चुकलं. ही मुलगी पहिल्या बाकावरची. भौतिकशास्त्रात वर्गात पहिली. तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचं होतं, आणि त्याला पदवीच लागते, पदविका चालत नाही. तिच्या गावच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवायला सहा वर्षं कुणी नव्हतं. ती स्वतः पुस्तक वाचून पास झालेली.

गेलो घरी. तिच्या वडलांची पिठाची गिरणी. नारायणराव पांढरेफटक होऊन उभे, भुवयासुद्धा पिठाच्या.

“या सर. काय दळायचंय?”

“काही नाही दळायचं. शिवकन्याबद्दल बोलायचंय.”

“काय?”

“शिवकन्या.”

“ती कॉलेजात गेली. थांबा, पट्टा उतरवतो. आमच्या घरात गिरणी चालू असली की भांडणंसुद्धा होत नाहीत. ऐकूच येत नाही तर भांडणार काय.”

गिरणी थांबली. तेवढ्यात ती आली, सायकल टेकवली, मला बघून उभी राहिली. मी फॉर्म काढला. सहा प्रश्न असतात. बस मिळते का. घरात आजारपण आहे का. लग्नाचं चाललंय का.

“लग्नाचं चालवलं तर ही मलाच दळून काढील,” नारायणराव म्हणाले.

“मग मन कुठं आहे बाळ?” मी विचारलं. “कान म्हणतोय की तू सोडणार आहेस.”

ती नेहमीप्रमाणं जराशी थांबली. मग म्हणाली, “मला नाही सोडायचं सर. कानाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या आवाजानं.”

“मग माझ्या आवाजाला विचारा ना. मी नाही म्हणतेय.”

फॉर्मवर सहावा प्रश्न असा: विद्यार्थी सोडण्याचा विचार नाकारतो का? त्याच्यापुढं छापील उत्तर होतं: होय, अपेक्षित. लाल पोरं नाकारतातच, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी तिथं खूण करायला पेन टेकवलं, आणि हात अडला. कारण समोर सायकलीला लावलेल्या तिच्या दप्तरातून टाळ डोकावत होते.

“हे कुणाचे?”

“माझेच. मावशीच्या कीर्तनात मागं उभी राहते. सहाव्या वर्षापासून.”

तिची मावशी म्हणजे हरिभक्तपरायण कौसल्याताई. त्यांचं कीर्तन मी वीस वर्षं सोडलेलं नाही. ती मागच्या रांगेतली बारकी पोरगी हीच, हे मला तेव्हा कळलं. मला भलताच आनंद झाला. आणि त्या आनंदात, माउली, जे विचारायला हवं होतं ते विचारायचं राहून गेलं. मी फक्त युक्ती दिली.

“ऐक. वीस मार्चला वर्षाची गणना आहे. त्या दिवशी जो लाल, त्याला निरोप. तोवर सहा आठवडे नाव पुकारलं की झटकन हजर म्हणायचं. नाव संपतंय तोच. सरासरी खाली येईल, तू पिवळी होशील, निरोप टळेल.”

“एवढंच?”

“एवढंच.”

बापलेकीनं सराव केला. नारायणराव दळता दळता एकदम ओरडायचे, शिवकन्या गिराम, आणि ती ताटावरून ओरडायची, हजर. गिऱ्हाईक दचकायचं. पाचव्या आठवड्यात तिची सरासरी साडेतीन दशांशांवर आली आणि नाव पिवळं झालं. मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

फाल्गुनातला सप्ताह होता. शेवटच्या दिवशी सकाळी दहाला काल्याचं कीर्तन. मांडवात बसायला जागा नाही. कौसल्याताई उभ्या, नऊवारी, गळ्यात वीणा नाही, हातात चिपळ्या. मागं आठ टाळकरी, त्यात डावीकडून तिसरी शिवकन्या. ताईंनी चरण उचलला. आवाज चढवत नेला, शेवटच्या शब्दावर आणला, आणि शब्द अजून तोंडातच होता तोवर मागून एकटीचं ध्रुपद आलं.

मृदंग अडखळला. ताई थांबल्या. लोक हसले, त्यांना वाटलं पोरीला काल्याची घाई झाली. ताईंनी पुन्हा चरण घेतला. पुन्हा तेच. ताईंचा शब्द अर्धा कापला गेला, जशी एखादी दोरी कापावी तसा. तिसऱ्या वेळी ताई मागं वळल्या, तिच्याजवळ गेल्या, आणि शिवकन्येच्या टाळांवर हात ठेवला. टाळ बंद झाले. मुलगी तशीच उभी राहिली शेवटपर्यंत, तोंड मिटून. सात माणसांनी ध्रुपद धरलं.

आणि मी, वीस वर्षांत पहिल्यांदा, कीर्तन न ऐकता त्या सात माणसांकडं बघत बसलो. ताईंचा शब्द संपायचा. मग एक थांबा. शब्द मांडवाच्या कनातीपर्यंत जाऊन टेकेल एवढा. आणि मग सात गळे एकदम. तो थांबा मी हजारदा ऐकला होता. त्यानंच तर अंगावर काटा यायचा. तो मोजायचं कधी डोक्यात आलं नव्हतं.

काला वाटला गेला. लाह्या, दही, लिंबाचं लोणचं. मी द्रोण घेऊन ताईंजवळ बसलो. शिवकन्या खांबाआड बसली होती, द्रोण हातात तसाच.

“ताई, तिच्यावर रागावू नका. माझी चूक आहे.”

“मी रागावले नाही. पण हे शिकवलं कुणी तिला? चौदा वर्षं लागली मला तिला थांबायला शिकवायला. बोलणाऱ्याचा शब्द पुरा होऊ द्यायचा. हवेत विरू द्यायचा. मग उचलायचा. आधी उचलला तर ते ऐकणं नाही, हिसकावणं झालं.”

“रोजच्या बोलण्यातपण ती अशीच थांबते का?”

“आमच्या फडातलं कुणीपण थांबतं. घरी बायका वैतागतात आमच्या टाळकऱ्यांवर. मीठ देऊ का विचारलं तर जेवण संपताना हो म्हणतात.”

घरभेटीसाठी माझ्या पिशवीत हातात धरायचा छोटा कान असायचा. मी तो काढला, मांडवाच्या फरशीवर ठेवला आणि टाळकऱ्यांची नावं एकेक करून पुकारली. पुंडलिकराव सात दशांश. विठ्ठल पेंटर आठ. माधवबुवा तर एक सेकंद. सगळे लाल. शेवटी ताईंचं नाव घेतलं. नऊ दशांश.

“काय म्हणतंय ते?” ताईंनी विचारलं.

“म्हणतंय की तुम्ही सोडून जाणार.”

“सत्तर वर्षं झाली. जायचंच आहे. पण आजच का?”

सगळे हसले. खांबाआडची मुलगीपण हसली. मग ताई द्रोण खाली ठेवून सहज म्हणाल्या, “सर, दोन वर्षांखाली माझ्या मागं एक हणमंत उभा राहायचा. डुकऱ्यांचा. फार गोड थांबायचा तो. तुमच्याच कॉलेजात होता. एकाएकी शिक्षण सोडलं म्हणे. का सोडलं हो त्यानं?”

मी छोटा कान उचलून पिशवीत टाकला.

हणमंतानं सोडलं नव्हतं. मी सोडवलं होतं. त्याच्या घरी ओट्यावर बसून त्यानं मला सांगितलं होतं, सर, मला शिकायचंय. आणि मी सहाव्या प्रश्नापुढं खूण केली होती: होय, अपेक्षित.

दुसऱ्या दिवशी प्राचार्या हट्टेकर मॅडमकडं गेलो. बाई कष्टाळू. या कॉलेजात विज्ञान शाखा त्यांनी उभी केली. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, मग पडद्याकडं बोट केलं.

“आपण शंभरातल्या एकाहत्तर गुणांवर आहोत उमरीकर सर. सत्तरच्या खाली गेलो की विज्ञान शाखा जिल्ह्याच्या कॉलेजात जाईल. तीस किलोमीटर. मग किती मुली जातील तिकडं?”

“फार थोड्या.”

“मग ती पिवळी झालीय ना? राहू द्या पिवळी. अजून दहा दिवस लवकर हजर म्हणू द्या.”

पुण्याला मंडळात बोललो. पडद्यावर एक तरुण विश्लेषक आली, नम्र, हुशार. म्हणाली, “काका, कानाची अचूकता आता शंभरात शहाण्णव आहे. सुरुवातीला त्र्याऐंशी होती.”

“ती वाढली कशी?”

“मॉडेल शिकत जातं.”

“ताई, लाल पोरांना आम्हीच निरोप देतोय. मग ती गेलेलीच दिसणार. मी रोज सकाळी अंगणात पाणी ओतायचं आणि म्हणायचं, बघा, मी पावसाचा अंदाज किती बरोबर सांगतो.”

तिचा थांबा मोठा होता, चांगला सेकंदाचा. मग म्हणाली, “तुमचं म्हणणं वर कळवते. पण या गणनेपर्यंत काही बदलणार नाही.”

मी गिरणीवर गेलो. शिवकन्या जोत्यावर वही घेऊन बसली होती.

“दहा दिवस काढ,” मी म्हटलं. “वर्गात लवकर बोल, मांडवात थांबून बोल. गणनेनंतर कानाला वर्षभर उसंत असते.”

“करून बघितलं सर. होत नाही. मावशीकडं गेले की वर्गातली घाई निघते, आणि घाई काढली की वर्गातपण निघून जाते. दोन ठिकाणी दोन कान नाही ठेवता येत.”

“मग कीर्तन दहा दिवस सोड.”

ती थांबली. गिरणी चालू होती, तरी तो थांबा मला कळला.

“कीर्तनाचं नाही हो. उद्या मी मास्तरीण झाले, आणि वर्गात एखादं पोर उशिरा बोललं, तर मी त्याला काय सांगू? लवकर बोल, नाहीतर तू गेलास?”

नारायणरावांनी पट्टा उतरवला. “पोरी, पदवी गेली तर मास्तरीण कशानं होशील?”

“ते पण खरंय आबा,” ती म्हणाली. आणि वही मिटली.

त्या दिवसापासून ती वर्गात आपल्या वेळानं हजर म्हणायला लागली. मी यादीत रोज बघत होतो. साडेतीन. छत्तीस शतांश. अडतीस. वीस मार्चला सकाळी मी वर्गाच्या दाराशी उभा राहिलो. सरांनी पुकारलं, शिवकन्या गिराम. खिडकीबाहेर कुणीतरी मोटरसायकल बंद केली. मग आलं, हजर. शांत, भरलेलं. सरासरी एकेचाळीस शतांश. लाल.

दुपारी निरोपाचा कागद माझ्या टेबलावर आला. पदविका, सन्मानासह, मागोवा अधिकाऱ्याची सही.

आता एक गोष्ट तुम्हाला आधी सांगायला हवी होती. सांगितली नाही, कारण मला तिची लाज वाटते. त्या कागदाच्या मागच्या बाजूला अधिकाऱ्याच्या हमीची जागा होती. यंत्र काहीही म्हणो, हा विद्यार्थी पूर्ण करील, याला मी जामीन, असं लिहून अधिकारी एका पोराला वर्षात एकदा राखू शकायचा. पोर गेलं तर अधिकाऱ्याचं पद जायचं आणि कॉलेजचे दोन गुण कापायचे. मंडळानं ही जागा पहिल्या दिवसापासून ठेवली होती. निरोप सुरू झाल्यापासून मी कागद एकदाही उलटा केला नव्हता. जिल्ह्यात कुणीच केला नव्हता. कान असताना जामीन कोण राहणार?

मी कागद उलटा केला, लिहिलं, आणि मॅडमपुढं ठेवला.

त्यांनी चष्मा काढला. “तुमच्या निवृत्तीला अडीच वर्षं आहेत.”

“आहेत.”

“आणि ती गेली तर आपण एकोणसत्तर.”

“ती नाही जाणार.”

“कशावरून? यंत्राकडं अकरा वर्षांचा आकडा आहे. तुमच्याकडं काय आहे?”

“मॅडम, मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. मी इतकी वर्षं विचारत होतो, पण उत्तर आधीच छापलेलं होतं.”

त्यांनी कागद पुढं ओढला. मग खाली आपली सही केली आणि म्हणाल्या, “तिला सांगा, एक दिवस जरी दांडी मारली तर मी गिरणीवर येऊन बसेन.”

शिवकन्या त्यानंतर एकदाही गैरहजर राहिली नाही. तिसऱ्या वर्षीही लालच राहिली. पुढच्या सालीही मी कागद उलटा केला. २०४४ च्या जूनमध्ये तिला पदवी मिळाली, भौतिकशास्त्र, प्रथम श्रेणी. त्या दिवशी मी पडद्यासमोर उभा राहून नकाशा बघितला. परभणीचा रंग तोच होता. एवढ्या मोठ्या राज्यात एका पदवीनं रंग बदलत नाही. आता ती शिक्षणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि एकादशीला मावशीच्या मागं डावीकडून तिसरी उभी असते. मंडळानं ‘अपेक्षित’ हा शब्द फॉर्मवरून काढला, असं कळलं. त्या पुण्याच्या मुलीनं पाठपुरावा केला म्हणे. देव तिचं भलं करो.

आणि हणमंत.

निवृत्त झाल्यावर मी त्याला शोधायला लागलो. मला वाटलं, एवढी मोठी यंत्रणा, एक मुलगा सापडणार नाही? मंडळाला विचारलं. त्यांनी नोंद काढून दिली. नाव, जन्मतारीख, पदविका, आणि शेवटी एक शब्द: पूर्ण. पुढं काही नाही. जे पूर्ण झाले त्यांचा माग ठेवायची तरतूदच नाही, असं त्यांनी सांगितलं. गळालेल्याला ते दहा वर्षं शोधतात. याला मी पूर्ण केलं होतं. त्याच्या गावी गेलो तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, आईला घेऊन कामाला गेला. कुणी चाकण म्हणतं, कुणी सुरत. फोन लागत नाही.

त्याचं एक वर्ष अजून शिकायचं राहिलंय. मी हिशोब केलाय. त्याच्या दोन वर्षांचे श्रेयांक अजून जमा आहेत, नियमानं २०४८ पर्यंत टिकतात. कॉलेजात त्याची जागा मॅडमनी लेखी राखून ठेवली आहे. फक्त तो यायला हवा.

म्हणून हे मागणं. तुम्ही गावोगाव फिरता, नोकरीला, बाजाराला, लग्नाकार्याला. कुठल्या गोदामात, कुठल्या गाडीवर एखादा उंच, सावळा पोरगा भेटेल. उजव्या भुवईवर लहान व्रण आहे. तुम्ही काही विचाराल आणि तो लगेच उत्तर देणार नाही. तुमचा शब्द पुरता संपू देईल, मग बोलेल. तेव्हा त्याला बावळट समजू नका. नाव विचारा. हणमंत डुकरे म्हणाला तर माझा निरोप द्या, तुझी जागा राखलीय, ये म्हणावं. आणि नाही भेटला, तरी हरिनाम घेताना एकदा त्याचं नाव मनात आणा. राज्याच्या नकाशात तो पूर्ण आहे. तुमच्या आठवणीत तरी त्याला अजून बाकी ठेवा.

रामकृष्णहरी.